फॉर्म्युला वनच्या हायब्रीड गाड्या एवढ्या बंद का पडायच्या? होंडासारख्या कंपनीलाही का जमत नव्हतं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स नवीन असल्यामुळे असेल. थोडंफार तसं होतंच, पण खरा राडा तिथे नव्हता. मी भोसरीत टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) रिपेअरचं काम करतो, दिवसभर टेबलावर ट्रकचे नि डिझेल गाड्यांचे टर्बो, त्यामुळे माझं उत्तर बेअरिंगकडे झुकणार, सांभाळून घ्या.

२०१४ ला २.४ लिटरचं व्ही-८ गेलं आणि १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो आलं, सोबत दोन मोटरी. एमजीयू-के (पुढे नुसतं 'के') इंजिनच्या क्रँकला जोडलेली, ब्रेक मारताना करंट बनवायची नि पिकअपला १२० किलोवॅट, म्हणजे १६० हॉर्सपॉवर, परत द्यायची. आणि एमजीयू-एच (पुढे नुसतं 'एच') थेट टर्बोच्या शाफ्टवर. एक्झॉस्टने टर्बो फिरतोच आहे तर त्यातून वीज काढा, आणि ड्रायव्हरने पाय उचलला की उलट वीज देऊन टर्बो फिरता ठेवा, म्हणजे लॅग, पाय दिल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, नाही. कागदावर एकदम भारी.

त्या नियमात या एचची लिमिट मिनिटाला १,२५,००० फेरे. तुम्ही म्हणाल त्यात काय, छोट्या डिझेल कारचा टर्बो याच्यापेक्षा जोरात फिरतो. फिरतो की, पण त्याचा शाफ्ट माझ्या तळहातावर मावतो. आमच्याकडे टर्बो आला की पहिलं काम म्हणजे शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून हलवायचं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला की बेअरिंग गेलं समजायचं, आणि बहुतेक वेळा कारण तेल, एकतर वेळेवर पोचलं नाही नाहीतर घाण होतं. मर्सिडीजने काय केलं, कंप्रेसर (हवा दाबणारं चाक) इंजिनच्या पुढे, टर्बाईन (एक्झॉस्टने फिरणारं चाक) मागे, मधे सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या व्हीमधून लांबच्या लांब शाफ्ट आणि त्यावर मोटर. आता लांब शाफ्टच्या मधे वजन घालून तो लाखाच्या वर फिरवला की तो वाकायला बघतो, थरथरतो, आणि मार सगळा बेअरिंगवर, त्यात एक टोक लालबुंद आणि गाडी ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून उड्या मारतेय. मर्सिडीजने ते जमवलं म्हणून तर बाकीचे इतकी वर्षं मागे राहिले.

होंडा आली २०१५ ला, एक वर्ष उशिरा. इंजिन होंडाचं, गाडी मॅक्लारेन टीमची, आणि मॅक्लारेनला गाडीची शेपटी बारीक हवी होती, 'साईझ झिरो' म्हणायचे, म्हणून टर्बाईन-कंप्रेसर दोन्ही व्हीमध्येच कोंबले. कंप्रेसर लहान, एच पुरेशी वीज काढेना, स्ट्रेटच्या मधेच विजेची ताकद संपायची. सुझुका म्हणजे होंडाचं स्वतःचं सर्किट, तिथे मॅक्लारेनचा ड्रायव्हर अलोन्सो रेडिओवर "जीपीटू इंजिन!" (जीपीटू म्हणजे एफ-वनच्या खालची रेस) ओरडला ते यामुळे. बंद पडणं वेगळंच. इंजिन, टर्बो, दोन मोटरी, बॅटरी, कंट्रोल असे सहा भाग मोजले जायचे, सीझनला ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वापरले की ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, मागे. त्या वर्षी बेल्जियमच्या स्पा सर्किटवर मॅक्लारेनच्याच बटनला ५० जागा मागे आणि अलोन्सोला ५५. ग्रिडवर गाड्या होत्या २०!

२०१७ ला होंडाने मर्सिडीजसारखी मांडणी घेतली आणि टेस्टिंगलाच तेलाच्या टाकीने रडवलं, वळणात तेल एका बाजूला जायचं. कारखान्यात हे दिसलं नाही कारण टेस्ट बेंच वळत नाही. (हे वाचून मला खरंच हसू आलं होतं, तेलच शेवटी.) बहरीनला मॅक्लारेनच्या दुसऱ्या ड्रायव्हरची, व्हॅनडोर्नची, गाडी रेसला सुटलीच नाही, रशियात अलोन्सोची फॉर्मेशन लॅपलाच, म्हणजे रेसआधीच्या फेरीतच, उभी राहिली. पुढे शाफ्टची थरथर सुटली ती होंडाच्याच जेट इंजिनवाल्यांच्या मदतीने, आणि मग २०१९ ला ऑस्ट्रियात होंडा इंजिनच्या रेड बुलमध्ये व्हर्स्टॅपन जिंकला, २०२१ ला टायटल. होंडाला अक्कल नव्हती असं म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं जमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एक भाग गेला की तो एकटा जात नाही. २०१४ ला कॅनडात दोन्ही मर्सिडीजची एमजीयू-के गेली, के करंट बनवत नसली की मागच्या चाकांना थांबवायचा सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, हॅमिल्टनचे ब्रेक तापून गेले आणि तो बाहेर. आणि २०१८ मोनॅको तर जरूर बघा. रेड बुलचा रिकार्डो पहिला, अर्ध्याहून जास्त रेस बाकी आणि के गेली. जवळपास पाव ताकद गायब, वरचे दोन गिअर वापरायचेच नाहीत, मागचे ब्रेक तापतायत म्हणून ब्रेकचा जोर पुढे सरकवत सरकवत चालवतोय, आणि मागे व्हेटल. जिंकला पठ्ठ्या. दुसऱ्या कुठल्याही सर्किटवर त्याला गिळून टाकला असता, मोनॅकोला ओव्हरटेक करायला जागाच नाही म्हणून वाचला.

आपल्या बुद्ध सर्किटवर रेस झाल्या २०११ ते २०१३, म्हणजे हे हायब्रीड सुरू व्हायच्या आधीच आपला पत्ता कट.

आता २०२६ च्या नियमात एच काढून टाकली आणि के १२० वरून ३५० किलोवॅट केली. म्हणजे टर्बोच्या शाफ्टवर परत फक्त टर्बाईन आणि कंप्रेसर, माझ्या टेबलावर येतो तसा.