महिला फुटबॉल प्रशिक्षक: यातली महिला कोण?

प्रश्न असा आला आहे: "‘विख्यात महिला फुटबॉल प्रशिक्षक डोरॅन्स निवृत्त’ असं शीर्षक वाचलं. कुणी बाई असतील असं समजून बातमी उघडली, तर फोटोत पुरुष! शीर्षक चुकलं की मी?"

तुम्ही चुकला नाहीत. शीर्षकही व्याकरणाने चूक नाही, फक्त आळशी आहे. महिला, फुटबॉल, प्रशिक्षक ही तीन नामं एकामागे एक उभी केली आणि मधले प्रत्यय गाळले. आता ‘महिला’ हा शब्द शेजारच्या ‘फुटबॉल’शी जोडायचा की उडी मारून ‘प्रशिक्षक’शी, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. ‘महिला डॉक्टर’ म्हटलं की डॉक्टर बाई असते, पण ‘महिला डबा’ म्हटल्यावर डबा कोणी बाई आहे असं आपल्याला वाटत नाही, कारण डब्याला बाई होता येत नाही. प्रशिक्षकाला येतं. म्हणून इथे घोळ होतो. त्यात ‘निवृत्त’वर वाक्य संपलेलं. पुढे ‘झाले’ किंवा ‘झाल्या’ असतं तरी उलगडा झाला असता. मराठी क्रियापद सहसा लिंग लपवू देत नाही, पण शीर्षकात पहिला बळी त्याचाच जातो.

इंग्रजीत हे काम शब्दाच्या डोक्यावरचं एक टिंब (अपॉस्ट्रॉफी) आणि ‘एस’ करतं: वुमन कोच वेगळी, वुमेन्स कोच वेगळा. बातमीचं भाषांतर करताना ते टिंब गळून पडतं. मराठीत त्याची जागा चा-ची-चे घेतात आणि आपण नेमके तेच काटकसरीत उडवतो.

आता ज्यांच्यामुळे प्रश्न आला त्या अॅन्सन डोरॅन्स यांच्याकडे वळू, कारण त्यांची कारकीर्द म्हणजे या शब्दप्रयोगाची कसोटीच आहे. (गृहस्थांचा जन्म १९५१ सालचा, आपल्या मुंबईतला. लहानपण मात्र अनेक देशांत गेलं.) अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ते स्वतः पुरुष संघातून खेळले, १९७४ला पदवीधर झाले आणि १९७७मध्ये त्याच पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. १९७९मध्ये विद्यापीठाने महिलांचा संघ उभा केला, तोही त्यांच्याकडेच आला. त्यानंतर १९८८पर्यंत दोन्ही संघ एकाच माणसाच्या हाताखाली होते. म्हणजे त्या शीर्षकाच्या हिशेबाने हे गृहस्थ जवळजवळ दहा वर्षं एकाच वेळी ‘पुरुष फुटबॉल प्रशिक्षक’ही होते आणि ‘महिला फुटबॉल प्रशिक्षक’ही!

महिलांच्या संघासोबत ते २०२४च्या ऑगस्टपर्यंत राहिले. १९८१चं एक राष्ट्रीय विजेतेपद आणि पुढच्या वर्षी एनसीएए या अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने महिलांची स्पर्धा सुरू केल्यावर तिची २१, अशी एकूण २२. त्यातली नऊ तर ओळीने, १९८६ ते १९९४. ‘कारकीर्द’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि बखरी-इतिहासात राज्यकर्त्यांच्या अंमलासाठी रुळला. खेळाडूच्या चार-पाच वर्षांना तो उगाच भारदस्त वाटतो, पण ४५ वर्षांच्या या अंमलाला शोभतो. याच काळात अमेरिकेचा राष्ट्रीय महिला संघही काही वर्षं त्यांच्याकडे होता. १९९१मध्ये चीनमध्ये झालेला महिलांचा पहिला विश्वचषक त्या संघाने नॉर्वेला २-१ हरवून जिंकला.

त्या संघाची कर्णधार होती एप्रिल हाइनरिक्स, डोरॅन्स यांच्याच विद्यापीठाची खेळाडू. पुढे तिने मेरीलँड आणि व्हर्जिनिया विद्यापीठांच्या महिला संघांना प्रशिक्षण दिलं, नंतर राष्ट्रीय संघाला, आणि २००४ला अथेन्समध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. तिला ‘महिला फुटबॉल प्रशिक्षक’ म्हटलं तर शब्द कसेही जोडा, दोन्ही अर्थ खरेच ठरतात. तुमचं शीर्षक तिच्यासाठी शिवलं होतं, घातलं मात्र डोरॅन्स यांच्या अंगावर.

उपाय सोपा आहे. ‘संघ’ हा शब्द आणि एक षष्ठीचा प्रत्यय घाला: महिला संघाचे प्रशिक्षक डोरॅन्स, महिला संघाच्या प्रशिक्षक हाइनरिक्स. आता दोन्ही गोष्टी कळतात, संघ कुणाचा आणि प्रशिक्षक कोण. शीर्षकात जागा नसेल तर ‘फुटबॉल’ काढा, ते बातमीत येतंच. हे अमेरिकेपुरतं नाही. अमोल मुझुमदार मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळले, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, भारताकडून संधी मिळाली नाही, आणि २०२५मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्यांना कुणी ‘महिला क्रिकेट प्रशिक्षक’ लिहिलं तर आपण अडखळत नाही, कारण माणूस ओळखीचा आहे. अनोळखी नावाला ही सवलत मिळत नाही.

‘प्रशिक्षिका’ वापरावं का? लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका या चालीवर तो शब्द निर्दोष आहे. मी बोलताना वापरतो. पदनाम म्हणून मात्र ‘मुख्य प्रशिक्षक’च बरं वाटतं, लिंग क्रियापद सांगेल. ‘महिला प्रशिक्षिका’ तेवढं कृपा करून नको. एकाच बाईला दोनदा मोजल्यासारखं होतं.

‘कोच’ लिहून सुटका होईल असं वाटत असेल तर तिथे आणखी गर्दी आहे. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथल्या घोडागाड्या नावाजल्या, त्यावरून गाडी म्हणजे कोच. मग इंग्लंडच्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला परीक्षेतून ओढून नेणारा शिकवणीवाला तो कोच, आणि खेळात तो शब्द त्यानंतर आला. आपला ‘कोचिंग क्लास’ त्या मधल्या अर्थाला धरून आहे. रेल्वेचा कोच पहिल्या अर्थाचा, आणि दिवाणखान्यातला बसायचा कोच तर वेगळ्याच घराण्यातला. तेव्हा ‘महिला कोच’ असं लिहिलंत, तर लोकलने जाणारी वाचक आधी फलाटावर तो कुठे लागतो ते शोधेल.