व्हिम९ स्क्रिप्ट : जुन्यात चाललं ते नव्यात का अडतं?

(व्हिम हा टेक्स्ट एडिटर, व्हिम९ स्क्रिप्ट ही त्याची प्लगइन लिहायची नवी भाषा. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत, फाइलमध्ये त्या रोमनमध्येच टाइप करायच्या. 'डी' हे आकड्याचं चिन्हही तसंच.)

प्रश्न : जुन्या प्लगइनमधलं एक फंक्शन 'डेफ'मध्ये, म्हणजे नव्या पद्धतीच्या फंक्शनमध्ये, बदललं. इनपुटमधून आकडा घ्यायचा आणि 'नंबर' म्हणून जाहीर केलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, एवढंच काम. आता ई१०१२, 'टाइप मिसमॅच' हा एरर येतो. फाइल लोड होताना मात्र काहीच तक्रार नव्हती.

उत्तर : 'इनपुट()' आधीही स्ट्रिंगच (आकडा नव्हे, मजकूर) देत होतं. जुनी स्क्रिप्ट आकडा हवा असेल तिथे ती गुपचूप बदलून घ्यायची : 'बारा' लिहिलं तर शून्य, आकड्यापुढे 'ओळी' लिहिलं तर नुसता आकडा. चूक लपायची आणि पुढे भलत्याच ठिकाणी उगवायची. २०२२च्या जूनमध्ये आलेल्या ९.० आवृत्तीतल्या नव्या स्क्रिप्टमध्ये ही पळवाट बंद झाली, ते चांगलंच झालं. रूपांतर आता तुम्ही लिहायचं :

व्हार किती: नंबर = स्ट्र२एनआर(इनपुट('किती ओळी? '))

एवढ्यावर थांबू नका. 'स्ट्र२एनआर' अक्षरांनाही शून्यच देतं, आणि देवनागरी १२ लाही! त्याला फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) कळतात. मराठी कीबोर्डवर काम करणारे असतील तर आधी 'टीआर()' वापरा : पहिला भाग स्ट्रिंग, दुसरा देवनागरीचे दहा आकडे, तिसरा त्याच क्रमाने इंग्रजीचे दहा. मग '^\डी\+$' या पॅटर्नशी (म्हणजे नुसते आकडेच) जुळतं का ते पाहा आणि जुळलं तरच रूपांतर करा.

लोड होताना तक्रार का नाही? 'डेफ' फंक्शन पहिल्यांदा बोलावलं की मगच कंपाइल होतं. फाइलच्या शेवटी 'डेफकंपाइल' लिहा, म्हणजे टाइपच्या चुका लगेच बाहेर येतील.

प्रश्न : 'इफ लेन(यादी)' ही ओळ कधी चालते, कधी ई१०२३ देते. यादी तर तीच!

उत्तर : यादी तीच, लांबी वेगळी. नव्या नियमात अटीच्या जागी बूल (खरं किंवा खोटं) लागतं. आकड्यांपैकी फक्त ० आणि १ चालतात. यादी रिकामी किंवा एका घटकाची असेल तोवर सगळं आलबेल, दुसरा घटक आला की एरर. चाचणी छोट्या यादीवर घेतली की ही चूक हमखास निसटते. 'लेन(यादी) > 0' किंवा '!एम्प्टी(यादी)' लिहा. दुसरा वाचायला सोपा, आम्ही तोच सुचवू.

प्रश्न : बेरजेच्या साध्या ओळीवर ई१००४ का?

उत्तर : अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलेली नाही. टाइप लिहिताना उलट : कोलनच्या आधी जागा नको, नंतर हवी. स्ट्रिंग जोडायला एक टिंब चालत नाही, दोन टिंबं लागतात, त्यांच्याही दोन्ही बाजूंना जागा. फाइलची पहिली आज्ञा 'व्हिम९स्क्रिप्ट' नसेल तर हे नियम फक्त 'डेफ'च्या आत लागतात. मग एकाच फाइलमध्ये बाहेर कॉमेंटला दुहेरी अवतरण आणि आत हॅश, असा घोळ होतो. पूर्ण फाइलच नव्या नियमांत आणा.

प्रश्न : 'मराठी' या शब्दाचं दुसरं अक्षर काढायचं आहे. जुन्या स्क्रिप्टमध्ये [1] लिहिलं की कचरा येतो.

उत्तर : जुन्यात ती मोजणी बाइटची. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून 'मराठी'ची 'स्ट्रलेन()' १५ येते आणि [1] म्हणजे 'म'चा मधला तुकडा. नव्यात तोच [1] 'रा' देतो, काना धरून. लांबीसाठी मात्र नव्यातही 'स्ट्रलेन()' बाइटच मोजतं. तिथे 'स्ट्रकॅरलेन()' वापरा, उत्तर ३ येईल.