आठवत नाही, की लक्षच नव्हतं?

“मॅडम, मला सासूबाईंसारखं होतंय का?”

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या ४७ वर्षांच्या ताईंचा, माझ्याकडे समुपदेशनाला आल्यावरचा, हा पहिला प्रश्न होता. सासूबाईंचा स्मृतिभ्रंश त्यांनी घरात जवळून पाहिला होता. आता त्या स्वतःच्याच चुका मोजत होत्या. जीएसटीच्या नोंदीत आकडे उलटेसुलटे पडत, एकच ईमेल तीनदा वाचावा लागे, रोजच्या सहकाऱ्याचं नाव ऐन वेळी आठवत नसे. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या जिन्यावरून परत जावं लागे. एकदा स्कूटरवर त्रिमूर्ती चौकातलं नेहमीचं वळणच सुटलं. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

वळण सुटल्यावर काय केलंत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “काय करणार, पुढून वळून आले.” हे उत्तर महत्त्वाचं आहे. स्मृतिभ्रंशात ओळखीचा रस्ताच परका वाटू लागतो. नावाचं पहिलं अक्षर सांगितलं की ताईंना नाव आठवायचं, आणि तक्रार घेऊन त्या स्वतः आल्या होत्या. स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा घरचे काळजीत असतात आणि त्या माणसाला मात्र काही बिघडल्यासारखं वाटत नाही. एवढ्यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरांचंच काम. पण पुढचे प्रश्न कोणते विचारायचे हे यावरून ठरतं.

ज्याला ब्रेन फॉग म्हणतात, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं, तो आजार नाही, ते लक्षण आहे. गोष्ट आठवायची तर ती आधी मेंदूत नोंदली जावी लागते. थकलेला, झोपाळलेला किंवा चिंतेत अडकलेला मेंदू ती नोंदतच नाही. बटण फिरवताना मन वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नमध्ये असेल, तर गॅस बंद केल्याची आठवण येणार कुठून?

म्हणून ताईंना १४ दिवसांची वही ठेवायला सांगितलं. झोपल्याची आणि उठल्याची वेळ, रात्री किती वेळा जाग आली, काय खाल्लं, चहा कधी घेतला, प्रत्येक गोळी (औषधाच्या दुकानातून आपणहून आणलेलीसुद्धा), आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी धुकं किती ते ० ते १० मध्ये. शब्द नकोत, फक्त आकडा, कारण दमलेल्या दिवशी माणूस लांबलचक लिहीत नाही आणि नेमका तोच दिवस वहीतून निसटतो.

वहीत तीन गोष्टी दिसल्या. थंडीत नाक गळतं म्हणून त्या रात्री सर्दीची गोळी घेत होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते बारा धुक्याचा आकडा ७-८ असायचा. गोळी न घेतलेल्या दिवशी तो ४. क्लोरफेनिरामीनसारख्या जुन्या ॲलर्जीरोधक औषधांची गुंगी सकाळपर्यंत उरते, आणि अशा अवस्थेत स्कूटर चालवणं धोक्याचं असतं. दुसरी गोष्ट पित्ताच्या गोळीची. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी दोन वर्षं चालूच होती. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी१२ हे जीवनसत्त्व नीट सुटं होत नाही. ताई शाकाहारी, म्हणजे मुळात बी१२चा पुरवठा दूध-दह्यापुरताच. तिसरी गोष्ट त्यांनी समासात लिहिली होती, “तळपायाला मुंग्या”. त्याचं खापर त्या नव्या चपलांवर फोडत होत्या.

मुंग्या म्हणजे बी१२ कमी पडून नसांना इजा होत असण्याची शक्यता. म्हणून ते वाचल्यावर पुढचं समुपदेशन थांबवून आधी फिजिशियनकडे जायला सांगितलं. सोबत एका पानाची टिपण दिली: त्रास कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त, सगळी औषधं, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, घोरणं आहे का. दहा मिनिटांच्या तपासणीत हे तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉईडसाठी), साखर आणि सोडियम तपासलं. थायरॉईड ठीक निघाला. हिमोग्लोबिन १०.८ आलं (गरोदर नसलेल्या स्त्रीत १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय) आणि बी१२ १४८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. बहुतेक प्रयोगशाळांत २००च्या खाली कमतरता धरतात.

इथे एक चूक फार जण करतात. धुकं जाणवलं की आधी ‘ताकदीच्या’ गोळ्या सुरू होतात आणि मग तपासणी होते. तोवर रक्तातला बी१२चा आकडा वर गेलेला असतो आणि खरी कमतरता झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड घेणं तर आणखी वाईट, कारण रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. आधी तपासणी, मग गोळी, हा क्रम बदलू नका.

डॉक्टरांनी सर्दीचं औषध बदललं, पित्ताच्या गोळीची गरज पुन्हा तपासली, बी१२ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ते कारण सोडून नुसतं लोह देणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं. लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला पुढे साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, आणि लोक नेमकी तिथेच सोडतात.

समुपदेशनाचा वाटा यानंतरचा. दिवसभर स्वतःच्या स्मरणाची परीक्षा घेण्यातच ताईंचं निम्मं लक्ष खर्च होत होतं. गॅस बंद करताना “बंद केला” असं मोठ्याने म्हणायचं आणि परत जाऊन पाहायचं नाही, एवढं ठरवलं. आकड्यांचं काम अकरानंतर, २५ मिनिटांच्या तुकड्यांत, फोन ड्रॉवरमध्ये ठेवून. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर धुक्याचं मूळ नैराश्यात असू शकतं. ताईंच्या बाबतीत ते नव्हतं. तसं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

मात्र काही प्रसंगी वही उघडायचीही नाही. अचानक बोलणं अडखळलं, तोंड एका बाजूला वाकलं, हात-पाय लुळा पडला तर लगेच १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तापासोबत मान ताठ होऊन गोंधळ, झटका, किंवा कधी नव्हे इतकी भयंकर डोकेदुखी, हेही तातडीचंच. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागलं तर ते ‘वय’ नव्हे. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम घसरणं यांतूनही तसं होतं. दुचाकीवरून पडल्यावर काही आठवड्यांनी आलेला गोंधळ मेंदूवर साचलेल्या रक्ताचा असू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अधिकच. आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत फवारणी करून आलेल्याला डोकं सुन्न होऊन घाम, लाळ सुटली, नजर धूसर झाली, तर कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा घेऊनच रुग्णालय गाठा.

सहा आठवड्यांनी ताईंच्या वहीत सकाळचा आकडा ३ होता. तळपायाच्या मुंग्या अजून आहेत. नसा भरून यायला महिने लागतात, म्हणून इंजेक्शनांच्या पुढच्या तारखा त्यांनी रिटर्नच्या तारखांशेजारीच लिहून ठेवल्या आहेत.