जुनी मारुती जिप्सी घेतल्यावर आधी काय पाहावे?

गाडीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! मोठे टायर आणि जादा दिवे यांचा मोह सध्या आवरावा. नवखे बहुधा तिथेच पैसे संपवतात. ब्रेक आजच तपासून घ्यावेत. मग इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांकडे शक्ती वाटणारी पेटी) आणि पुढचा व मागचा डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) या पाचही ठिकाणचे ऑइल बदलावे. काढलेले ऑइल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे.

वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर नुसता डॅम्पर (थरथर शोषणारा स्टिअरिंगचा भाग) बदलल्याने दोष झाकला जातो, जात नाही. म्हणून या क्रमाने पाहावे:

- चाकांचे बॅलन्सिंग
- टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) सांधे
- किंगपिनचे (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिचे) बेअरिंग

फोर-व्हील ड्राइव्हची चाचणी मातीवरच घ्यावी, कारण पुढच्या व मागच्या चाकांच्या मधला डिफरन्शियल या गाडीत नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना गिअरांवर विलक्षण ताण येतो.