केनियातल्या चिनी बांधकाम कंपनीची ऑफर आहे, घ्यावी का?

घरचे म्हणतात चिनी माल टिकत नाही, तशी चिनी नोकरीही टिकणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. घरच्यांचं सोडा. मी नैरोबीत सहा वर्षं एका देशी ठेकेदार शेठकडे एस्टिमेशन, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढायचं काम केलंय.

२०१८ मध्ये आम्ही एका सरकारी इमारतीचं टेंडर भरलं. बीओक्यूची (कामं आणि मालाच्या परिमाणांची यादी, जिच्यावर रेट भरतात) ओळन् ओळ मी लावलेली, सळईचं वेस्टेजसुद्धा पाचावरून तीन टक्क्यांवर आणलेलं. टेंडर उघडलं तर एका चिनी कंपनीचा आकडा आमच्याहून १७ टक्के खाली. शेठ हॉलमध्ये गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुमचा रेट अ‍ॅनालिसिस चुकला." त्या वर्षी पगारवाढ नाही.

रात्री बसून मी सगळं परत मांडलं. सिमेंट दोघांचंही नैरोबीजवळच्या अथी रिव्हरचं, बिगारी दोघांचेही तिथलेच. (चिनी लोक कैदी आणून फुकट राबवतात, ही थाप मी तिथल्या गणपतीतसुद्धा ऐकलीय.) फरक होता पैशाच्या भावात. सरकारी बिल आठ-आठ महिने अडकतं, तेवढे दिवस आम्ही १३ टक्क्यांच्या ओव्हरड्राफ्टवर काढणार, आणि तो बोजा रेटमध्ये घालायला शेठनीच सांगितलेलं. समोरच्याच्या मागे चीनची सरकारी बँक. मोंबासा-नैरोबी रेल्वे बघा, २०१७ ला सुरू झाली. काम चायना रोड अँड ब्रिजचं आणि जवळपास ९० टक्के पैसा चीनच्या एक्झिम बँकेचा. नैरोबी एक्स्प्रेसवे, २७ किलोमीटर, त्याच कंपनीने बांधला आणि २७ वर्षं टोलमधून वसूल करणार. एवढा दम आमच्या शेठकडे कुठला? आणि हे काही आजचं नाही. टांझानिया-झांबियाची १८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे चीनने १९७० ते ७५ मध्ये बिनव्याजी कर्जावर बांधून दिली.

पुढे मी मुद्दाम ती साइट बघून आलो. कंटेनरच्या खोल्या, मागे कोबीचे वाफे. संध्याकाळी सातला फ्लडलाइट लागले आणि दुसरी पाळी स्लॅबवर चढली. आमची साइट पाचला सामसूम. आता १७ मधले दोन-तीन टक्के यातलेही असतील, तेवढं मान्य.

तर जा, काम शिकाल. मात्र क्लास डी परमिट (केनियात नोकरी करायचा परवाना) हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. पगार डॉलरमध्ये लिहून घ्या, २०२४ च्या सुरुवातीला शिलिंग डॉलरला १६० पर्यंत घसरला होता. वरच्या खुर्च्या त्यांच्याच माणसांना आणि मीटिंगा चिनीत, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. आणि ऑफरवर नाव कुणाचं आहे ते बघा. सगळ्याच चिनी कंपन्या सरकारी नसतात. लहान खासगी ठेकेदार असेल तर वरचं निम्मं लागू नाही.

तिथे टेंडर विभागातलं कुणी ओळखीचं झालं, तर खेळतं भांडवल त्यांना किती टक्क्यांनी पडतं एवढं विचारा आणि मला कळवा. शेठचा नंबर अजून आहे माझ्याकडे.