लेदर सोफ्यावर पांढरे ठिपके, चिकट झालेली पाठ आणि खोबरेल

ताई, तुम्ही लिहिलंय की बावधनच्या फ्लॅटमधला सोफा सहा वर्षांचा आहे, पावसाळ्यात पाठीवर पांढरे ठिपके आले, सासूबाईंनी खोबरेल लावून पुसला आणि आता डोकं टेकतो ती जागा चिकट लागते. खोबरेल आजपासून बंद करा. ते चामड्यात मुरतं, धूळ धरतं, रंग काळपट करतं. शिवाय पुण्याच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसंच चामड्यातलंही थिजून वर पांढुरकी साय येऊ शकते. मग ती बुरशी समजून आपण पुन्हा तेल लावतो!

सोफा खरंच चामड्याचा आहे ना, हे आधी बघा. कुशनची चेन उघडून आतली कड पाहा. तंतू नमद्यासारखे एकजीव दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर कंडिशनरवर (चामडं मऊ ठेवणाऱ्या क्रीमवर) एक रुपयाही घालवू नका, तो थर परत चिकटत नाही. चामडं निघालं तर मागे, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर तसाच उभा राहिला तर वर रंगाचा संरक्षक थर आहे, घरी साफ करता येईल. जिरून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे. मग पुढे सांगितलेली साफसफाई घरी करू नका, जाणकाराला बोलवा.

आता ठिपके. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट मारा. पांढरं वितळून गेलं तर ती चरबी किंवा तेल आहे, मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्या. तसंच राहिलं आणि कुबट वास असेल तर बुरशी. सुटी कुशनं गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने झटका; घरात झटकलीत तर बुरशीचे कण पडद्यांवर बसतील. सोफ्याची पाठ हलत नाही, ती किंचित ओल्या कापडाने एकाच दिशेने पुसा आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ घडी वापरा. मग मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी मिसळून, आधी लपलेल्या जागी करून बघा. कापडावर रंग उतरला नाही तरच पुढे जा. कापड फक्त दमट हवं, घासायचं नाही, लगेच पंखा लावायचा. ऊन नको, त्याने चामडं आखडतं.

चिकट पाठीचं कारण बहुतेक वेळा डोक्याचं तेल आणि घाम असतो. त्याने वरचा रंगाचा थरच मऊ पडतो, म्हणून नुसतं पुसून तो कडक होत नाही. लिटरभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा बेबी शाम्पू घाला, फेस करा आणि फक्त तो फेस मायक्रोफायबरने गोलाकार फिरवा. लगेच साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या कापडाने पुसा. एक दिवस मध्ये सोडून दोन-तीनदा करा. कापडावर सोफ्याचा रंग यायला लागला की थांबा, तिथे पुन्हा रंगाचं काम करावं लागेल. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी क्षारांचे डाग सोडतं, म्हणून आरओ फिल्टरचं घ्या. खाण्याचा सोडा आणि काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे तर अजिबात नको. चामडं किंचित आम्ल असतं, हे दोन्ही अल्कली.

कंडिशनर वर्षातून दोनदाच पुरे: एकदा दिवाळीनंतर, एकदा उन्हाळा लागण्याआधी फेब्रुवारीत. एका सीटला रुपयाच्या नाण्याएवढा, अर्ध्या तासाने उरलेला पुसून टाका. ऐन पावसाळ्यात लावू नका, हवा दमट असताना तो नीट सुकत नाही.

सोफा बाहेरच्या भिंतीपासून अर्धा फूट तरी पुढे ओढा. त्या भिंतीला ओल असेल तर बुरशी मागूनच सुरू होते, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला मागे हात फिरवून बघा. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, ओल आतच कोंडते. आणि डोकं टेकतो तिथे सुती नॅपकिन टाकून तो दर रविवारी धुवा.