वाचक विचारतात : लामाचा पंतप्रधान झाला, पुढे काय झालं?

प्रश्न : नातू एमपीएससीचा अभ्यास करतो. परवा जेवताना म्हणाला, आजोबा, एका कम्युनिस्ट देशाचा पंतप्रधान आधी बौद्ध भिक्खू होता. मी म्हटलं फेकू नकोस, कम्युनिस्ट आणि मठ म्हणजे छत्तीसचा आकडा. बुद्ध की मार्क्स यावर बाबासाहेब १९५६ साली काठमांडूत बोललेत ते आम्हाला ठाऊक आहे, पण हे कधी ऐकलं नाही. खरं काय ते सांगा, पैज लागलीय.
(एक आजोबा, अमरावती)

उत्तर : आजोबा, पैज हरलात. देश मंगोलिया आणि माणसाचं नाव दोगसोमिन बोदो. जन्म १८८५ चा. मठात शिकलेला लामा, तिबेटी यायची, मांचू यायची, मंगोल तर घरचीच. पुढे उर्गा शहरात (म्हणजे आजचं उलानबातर) रशियन वकिलातीच्या आसपास नोकरी आणि दुभाषे तयार करणाऱ्या शाळेत मास्तरकी.

आता तुम्ही म्हणाल लामा कुठे आणि क्रांती कुठे. पण त्या काळचा मंगोलिया डोळ्यासमोर आणा, दर तीन पुरुषांमागे साधारण एक लामा, राजा कोण तर बोग्द खान, तोही अवतारी लामाच, आणि लिहायला वाचायला शिकायचं तर मठाशिवाय फारशी सोय नाही. मग पत्रकं लिहायला, परदेशी लोकांशी बोलायला माणूस आणणार कुठून? मठातूनच. म्हणून लामा कम्युनिस्टांबरोबर गेला यात मला तरी नवल वाटत नाही, तो गेला नसता तर पहिलं पत्र लिहिलं कोणी असतं?

१९१९ च्या शेवटी चिनी सैन्याने मंगोलियाची स्वायत्तता काढून घेतली आणि बोदोने वकिलातीच्या टेकडीवर चार माणसं जमवली. त्यातला एक म्हणजे त्याचाच तरुण विद्यार्थी चोइबालसान, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शहरात सुखबातार आणि दांझान यांचा दुसरा गट होता, १९२० च्या जूनमध्ये दोन्ही एक झाले आणि पक्ष निघाला. मदत मागायला सात जण रशियात गेले. रशियनांना मदतीच्या पत्रावर बोग्द खानाचा शिक्का हवा होता. म्हणजे गंमत बघा, बोल्शेविकांकडे (म्हणजे रशियन कम्युनिस्टांकडे) जायचं तर आधी लामाराजाची मोहोर! ते पत्र सुखबातारच्या चाबकाच्या पोकळ दांड्यात लपवून नेलं असं सांगतात.

जुलै १९२१ मध्ये लाल सैन्य आणि मंगोल सैनिक उर्गात शिरले, बोग्द खान नावापुरता राजा राहिला आणि बोदो पंतप्रधान, वर परराष्ट्र खातंही त्याच्याकडेच. नोव्हेंबरात रशियाशी मैत्री करार झाला. इथवर सगळं झकास.

प्रश्न : मग त्याला काढलं का? मठाचा माणूस म्हणूनच ना?
(त्याच आजोबांचा नातू, दुसऱ्या चिठ्ठीत)

उत्तर : तिथेच तर खरी मेख आहे. धार्मिक होता म्हणून नाही, सुधारणेची घाई झाली म्हणून! मंगोल बायका तेव्हा केसांची पंखासारखी पसरलेली मोठी रचना करायच्या, त्यावर चांदीचे भारी दागिने. पुरुषांच्या अंगरख्याच्या बाह्यांना रुंद कफ. बोदो आणि चोइबालसान यांनी ठरवलं की ही सगळी सरंजामी खूण आहे, उतरवा. १९२१ च्या शेवटी केस कापा, कफ कापा, दागिने काढा अशी मोहीमच निघाली. आता आपल्याकडे कोणी सरकारी माणूस दारात येऊन म्हणाला की वहिनी, नथ काढा आणि अंबाडा कापा, तर काय होईल? तेच झालं. लोक खवळले. ७ जानेवारी १९२२ ला राजीनामा. चोइबालसानवरही बालंट आलं होतं, सुखबातार मध्ये पडला म्हणून तो निभावला.

बोदो मात्र नाही सुटला. काही महिन्यांत त्याच्यावर कटाचा आरोप, तोही चिनी लोकांशी, अमेरिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्याशी आणि पश्चिमेकडच्या एका बंडखोर लामाशी, सगळ्यांशी मिळून. इतक्या परस्परविरोधी मंडळींना एका टेबलावर बसवणारा माणूस असता तर तो पंतप्रधानपदावरून गेलाच नसता, असं आपलं माझं मत. ऑगस्ट १९२२ च्या अखेरीस पंधरा जणांना गोळ्या घातल्या. त्यात बोदो होता, त्याच्या आधी हंगामी सरकारचा प्रमुख असलेला चाग्दारजाव होता आणि आधीचा गृहमंत्री पुन्त्सागदोर्ज, तोही मोठा लामा. बोदोचं वय जेमतेम सदतीस.

रशियात गेलेल्या सातांचं पुढे काय झालं ते एका दमात सांगतो. बोदो आणि चाग्दारजाव १९२२ मध्ये गेले, सुखबातार १९२३ मध्ये आजारपणात, दांझानला १९२४ मध्ये गोळी, लोसोल १९४० मध्ये सोव्हिएत तुरुंगात, दोगसोमला १९४१ मध्ये गोळी. उरला एक, चोइबालसान. मास्तर गेला आणि विद्यार्थी राहिला, तोच पुढे देशाचा सर्वेसर्वा झाला, आणि १९३७ नंतरच्या दोनेक वर्षांत हजारो लामा मारले गेले, शेकडो मठ उद्ध्वस्त झाले ते त्याच्याच काळात.

प्रश्न : बोदोनंतर कोण आलं? एखादा कामगार नेता?
(एक वाचक, पिंपरी)

उत्तर : नाही हो, पुन्हा लामाच! आणि साधा नाही, अवतारी. जालखंझ खुतागत दामदिनबाझार, १९२२ च्या मार्चमध्ये पंतप्रधान. खुतागत म्हणजे पुनर्जन्म घेऊन येणारा मोठा लामा. हा गृहस्थ १९२१ च्या सुरुवातीला उंगर्न नावाच्या रशियन बॅरनच्या राज्यातही पंतप्रधान होता, म्हणजे जो बॅरन बोल्शेविकांचा कट्टर शत्रू, त्याचाही आणि नंतर बोल्शेविकांच्या मित्रांचाही. लोक केसांच्या भानगडीने चिडलेले, त्यांना शांत करायला मानाचा माणूस हवा होता. जून १९२३ मध्ये तो पदावर असतानाच गेला, गोळी न खाता. ह्या गोष्टीत तेही कमी नाही.

प्रश्न : लामा म्हणजे भिक्खूच ना? मग बोग्द खानाला राणी कशी?
(एक वाचिका, नागपूर)

उत्तर : ताई, आपल्याकडचा चीवरधारी भिक्खू डोळ्यासमोर ठेवलात की गोंधळ होणारच. मंगोलियात लामा हा शब्द सैलसर वापरायचे, पूर्ण दीक्षा घेतलेला, लहानपणी मठात शिकून परत घरी आलेला, सगळे लामा. बोग्द खानाला राणी होतीच, दोंदोगदुलाम तिचं नाव. तो १९२४ मध्ये वारला आणि सरकारने त्याचा पुढचा अवतार शोधूच दिला नाही, त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रजासत्ताक जाहीर.

आणि नातवाला एक जास्तीचा मुद्दा द्या, आयोगाने विचारला तर विचारला. १९९० मध्ये तिथली एकपक्षीय राजवट ढासळत होती तेव्हा भारताने तिथे राजदूत कोणाला पाठवलं? लडाखचे कुशोक बकुला रिनपोचे, स्वतः भिक्खू आणि आधी लोकसभेचे खासदार. दहा वर्षं राहिले, आणि बंद पडलेल्या मठांत पुन्हा दीक्षा द्यायला लोक त्यांच्याकडेच यायचे. पैज किती रुपयांची होती ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.